पुली काढली, मग पुढे?

साशंक : परिषदेत कुणी 'पुराव्यावर आधारित उपचार करा' म्हणालं की सगळं सभागृह मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या जुन्या पद्धतीवर परत जातो. मला यात थेरपिस्टचा आळस दिसत नाही. तो पुरावा जिथे तयार झाला ती जागा आणि तो जिथे वापरायचा ते घर यांत फार अंतर आहे. अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस आठ-दहा दिवसांत दवाखान्यातून घरी येतो. मी जाते तेव्हा पलंग भिंतीला लावलेला असतो, लुळी बाजू नेमकी भिंतीकडे. त्या बाजूने कुणी येत नाही, बोलत नाही, पाण्याचा पेलाही पुढे करत नाही. आठवड्यातून तीनदा पाऊण-पाऊण तास, एवढाच माझा वेळ. त्यातला काही पलंग ओढण्यात जातो, काही रक्तदाब बघण्यात, काही घरच्यांची समजूत काढण्यात. आणि तू मला २००६ मधला अमेरिकेतला तो गाजलेला प्रयोग दाखवतोस. २२२ रुग्ण, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. चांगल्या हाताला जागेपणीचा नव्वद टक्के वेळ जाड मोजा घालून ठेवायचा आणि लुळ्या हाताकडून दिवसाला सहा तासांपर्यंत काम करून घ्यायचं, असं दोन आठवडे. हात सुधारला, हे मला मान्य आहे. पण त्या प्रयोगात घेतलेल्यांना मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता येत होती. माझ्याकडच्या बऱ्याच जणांची मूठ उघडतच नाही, आणि सहा तास तर त्यांची सख्खी मुलंही देऊ शकत नाहीत. मग तो पुरावा माझ्या काय कामाचा?

आग्रही : मॅडम, पुराव्याची सुरुवात मी त्या मोज्यापासून करणारच नाही. आधी काय थांबवायचं ते विचारतो. थांबवायला वेळ लागत नाही, पैसे लागत नाहीत, जर्मन यंत्र लागत नाही. आपल्याकडे घराघरात दाराच्या चौकटीला किंवा छताच्या कडीला पुली टांगलेली दिसते. दोरीचं एक टोक चांगल्या हातात, दुसऱ्या टोकाला लुळा हात बांधलेला. चांगल्या हाताने ओढायचं की लुळा हात वर जातो. घरच्यांना वाटतं, व्यायाम चाललाय. आता आत काय होतं ते बघा. निरोगी माणूस हात वर नेतो तेव्हा पाठीवरचं खांद्याचं पातंही फिरतं आणि दंडाच्या हाडाला वर जायला जागा करून देतं. अर्धांगवायूत ते पातं धरणारे, फिरवणारे स्नायूच गेलेले असतात. पुली मात्र हात ओढतच राहते. पातं जागचं हलत नाही, दंड बाहेरच्या बाजूला वळत नाही आणि वरच्या हाडाखाली मांस चेमटतं. १९९० मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णांचे तीन गट केले होते. थेरपिस्टने पातं धरून हात हलवला त्या गटात खांदा दुखायला लागला ८ टक्के लोकांचा, टेबलावर चाकाच्या फळीवर हात सरकवणाऱ्यांत १२ टक्के, आणि पुलीवाल्यांत ६२ टक्के. आज ती पुली काढायला तुम्हाला कुठलं रोटरडॅम किंवा शिकागो लागतं?

साशंक : त्या अभ्यासात माणसं किती होती तेही सांग.

आग्रही : अठ्ठावीस.

साशंक : अठ्ठावीस! तीन गटांत वाटली की एकेका गटात आठ-दहा. एखाद-दुसऱ्याचा खांदा आधीच खराब असेल तरी टक्केवारी कुठच्या कुठे जाते. उद्या मी माझ्या दवाखान्यातले अठ्ठावीस रुग्ण मोजून आणले तर तू त्याला किस्सा म्हणशील. छापून आलं की तोच पुरावा होतो का?

आग्रही : तुमच्या अठ्ठाविसांना मी किस्सा म्हणणार नाही, फक्त गट कसे पाडले ते विचारेन. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते, रुग्णाकडे बघून नव्हे. तरीही तुमचा आक्षेप खरा आहे, त्या आकड्याची कड धूसर आहे. पण एखादी गोष्ट सुरू करायला जितका पुरावा मागावा तितकाच ती थांबवायला मागू नये, असं मला वाटतं. पुली काढली आणि माझा अंदाज चुकला, तर रुग्णाचं काय गेलं? हात हलवायला आणखी दहा मार्ग आहेत. पुली ठेवली आणि अंदाज बरोबर निघाला, तर त्या माणसाचा खांदा महिनोन्महिने ठणकतो. खांदा ठणकला की तो हाताला हात लावू देत नाही, रात्री झोपत नाही, सकाळी व्यायामाला नाही म्हणतो. मग हात परत येण्याची जी काही संधी होती तीही जाते. शरीररचनेचं गणित ज्या बाजूला बोट दाखवतं, छोटा प्रयोगही त्याच बाजूला दाखवतो आणि चूक झाली तर नुकसान एकाच बाजूला मोठं आहे. एवढ्यावर मी निर्णय घेईन.

साशंक : बरं, पुली काढली. थांबवण्यापुरतं मी तुझ्या बाजूने येते. पण दोरी सोडून ठेवली की घरचे माझ्याकडे बघतात. पुढे काय? 'करंट' देणार का? मशीन लावणार का? नुसते हातपाय हलवून घेतले तर पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत त्यांना. आणि पुढे काय, याचं उत्तर तुझा पुरावा दर पाच-सात वर्षांनी बदलतो. २०११ मध्ये फ्रान्समधून बातमी आली की फ्लुऑक्सेटिन, म्हणजे नैराश्यावरची साधी गोळी, सुरुवातीलाच दिली तर लुळा हातपाय जास्त सुधारतो. ११८ रुग्ण. सगळे डॉक्टर लिहायला लागले, आम्हीही आशेने बघत होतो. २०१८ च्या अखेरीस ब्रिटनमधून ३१२७ रुग्णांचा निकाल आला. रोजच्या जगण्यातल्या क्षमतेत फायदा नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं. मधल्या सात वर्षांत ज्यांनी पुरावा पाळला त्यांनी काय केलं? दुसरं उदाहरण माझ्या जिव्हाळ्याचं. आम्हाला शिकवलं होतं, रुग्णाला जितकं लवकर उठवाल तितकं चांगलं. पडून राहण्यानेच न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या होतात, स्नायू झिजतात. मग २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी छापलं की पहिल्या चोवीस तासांत जोरात उठवलेल्यांचा निकाल वाईट. माझ्याकडच्या एका घरात ते वर्तमानपत्रात वाचलं आणि मी गेले तर म्हणाले, मॅडम, महिनाभर हात लावू नका.

आग्रही : त्या घराला प्रयोगाचं शीर्षक कळलं, प्रयोग कळला नाही. थोडं तपशिलात जाऊ द्या, कारण थेरपिस्टने पुरावा कसा वाचायचा हे मला याच एका प्रयोगाने शिकवलं. पाच देशांतली ५६ रुग्णालयं, २१०४ रुग्ण. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला खूप लवकर आणि खूप जास्त उठवणं. तीन महिन्यांनी फारसं अवलंबून न राहता जगणारे नेहमीच्या गटात ५० टक्के, जोरात उठवलेल्यांत ४६ टक्के. आता त्या नेहमीच्या गटात काय चाललं होतं ते बघा. तिथलेही अर्धे लोक साधारण बावीस तासांत पलंगाबाहेर आले होते आणि दुसऱ्या गटातले साडेअठरा तासांत. म्हणजे हा प्रयोग उठवणं विरुद्ध पडून राहणं असा नव्हताच. फरक होता मात्रेचा. एका गटाला पलंगाबाहेर दिवसाला दहाएक मिनिटं, दुसऱ्याला एकतीस. पुढच्या विश्लेषणात दिसलं की थोडा थोडा वेळ, पण वरचेवर उठवणं चांगल्या निकालाशी जुळतं आणि एका दमात लांबलचक उठवणं वाईट निकालाशी. तुम्ही जे शिकलात त्यातलं 'पडू देऊ नका' अजूनही शाबूत आहे. फक्त 'जितकं जास्त तितकं चांगलं' हे पहिल्या दिवसापुरतं गेलं. आणि एक सांगतो, हा प्रयोग करणारे लोक स्वतः लवकर उठवण्याच्याच मताचे होते. आपल्या मताविरुद्ध आलेला निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला. पुरावा पलटतो असं तुम्ही म्हणता. मला त्याच पलटण्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

साशंक : सुंदर बोललास, पण ४६ आणि ५० मध्ये माझी रुग्ण कुठे आहे? ती टक्का नाही. शिवाय हे टक्के कशाचे? त्यांनी मोजली ती अवलंबून असण्याची पातळी, शून्यापासून सहापर्यंत. दुसरी मोजपट्टी आपण सगळे वापरतो ती बार्थेलची, १९६५ पासूनची. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना. आता एक बाई डोळ्यांपुढे आण. पन्नाशीची, घर सांभाळणारी, उजवी बाजू गेलेली. सहा महिन्यांनी ती काठीशिवाय चालते, स्वतः नहाते, डाव्या हाताने चमच्याने जेवते. बार्थेलमध्ये तिला जेवणाचे पूर्ण गुण, एकूणही शंभराच्या जवळ. तुझ्या लेखी ती बरी झाली. पण ती सवाष्ण म्हणून जेवायला जात नाही, कारण पंगतीत डाव्या हाताने जेवायचं तिला जड जातं. तिला भाकरी करता येत नाही, म्हणून सून करते आणि घरातली तिची जागाच बदलली आहे. हे कुठल्या रकान्यात लिहू? ती मला पहिल्या दिवशी म्हणाली होती, चालता नाही आलं तरी चालेल, भाकरी थापता आली पाहिजे.

आग्रही : ते पहिल्याच रकान्यात लिहा. १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी मांडणी केली तीत बाहेरचं संशोधन, वैद्याचं कौशल्य आणि रुग्णाची स्वतःची पसंती या तिन्ही गोष्टी होत्या. पहिली तेवढी उचलून बाकीच्या दोन टाकून देणाऱ्यांनी त्याचं नाव खराब केलं. पण मला भाकरीत शिरू द्या, कारण माझ्या मते पुरावा इथेच कामाला येतो. गेल्या काही दशकांत हाताच्या पुनर्वसनाबद्दल जे बऱ्यापैकी स्थिर झालं आहे ते असं की ज्या कामासाठी हात हवा त्याच कामाचा, किंवा त्याच्या तुकड्यांचा, भरपूर सराव द्यावा. आणि भाकरीचे तुकडे किती आहेत बघा. परातीत पीठ घेणं. पाणी घालून तळव्याच्या बुडाने रेटून मळणं, म्हणजे कोपर सरळ करत वजन पुढे टाकणं, नेमकी तीच हालचाल जी तिला जमत नाही. गोळा दोन तळव्यांत फिरवणं. मग थापणं : बोटं सरळ, तळवा सपाट, मनगट सैल आणि प्रत्येक थापेबरोबर भाकरी थोडी फिरवणं. दोन्ही हातांची लय. बोटं उघडायला शिकवायची तर चेंडू दाबत बसण्यापेक्षा हे किती सरस आहे! दाबण्याने मूठ मिटते, आणि तिची मूठ तर आधीच मिटलेली आहे.

साशंक : हे मला तू शिकवू नकोस. कमलाबाई निंबकरांनी केईएममध्ये १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं तेव्हापासून या देशात चूल, लुगडं आणि परात यांतून हात शिकवताहेत. त्यासाठी संशोधन कशाला हवं होतं?

आग्रही : मोजण्यासाठी. परात तुमच्याकडे आधीपासून होती. पण एका भेटीत तिचा उजवा हात खरोखर किती वेळा थापतो? २००९ मध्ये कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या सत्रांत बसून हेच मोजलं. जवळपास निम्म्या सत्रांत हाताचा कामाशी जोडलेला सराव झालाच नव्हता. झाला तिथे सरासरी बत्तीस वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांतून मेंदू नव्याने जुळणी करतो हे आपण छातीठोकपणे सांगतो, त्यांत दिवसाला शेकडो वेळा हालचाल करून घेतलेली असते. बत्तीस थापांत तर एक भाकरीही होत नाही. आपल्याला वाटतं आपण हाताचा व्यायाम घेतला. प्रत्यक्षात पट्टा सोडणं, तेल लावणं, ताण देणं, गप्पा, यांत वेळ गेलेला असतो. ताण देण्याचंही तेच. आखडणं थांबावं म्हणून रोज थोडा वेळ सांधा ताणून धरण्याचा अपेक्षित परिणाम होत नाही, असं अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. ती मिनिटं थापण्याला द्या.

साशंक : मीही वाचते, म्हणून पुढचंही सांग. त्याच लँगबाईंनी २०१६ मध्ये प्रयोग केला. जुने रुग्ण, ८५ जण, काहींना ३२०० वेळा सराव, काहींना ६४००, काहींना ९६००, काहींना त्याहून वाढीव. जास्त सराव करणाऱ्यांचा हात जास्त सुधारला का? नाही. मग मी कशाला शेकड्यांचा आग्रह धरू? आणि २०१९ चा ब्रिटनमधला रोबोटचा प्रयोग. ७७० रुग्ण. तू तो मोठ्या आनंदाने सांगतोस, कारण शहरातल्या चकचकीत केंद्रांना तो उघडं पाडतो.

आग्रही : उघडं पाडण्यात मला आनंद नाही. पण हो, मी तो प्रत्येक कुटुंबाला सांगतो. गावाकडची माणसं जमीन गहाण टाकून पुण्या-मुंबईच्या केंद्रात रोबोटच्या सत्रांना येतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा रोबोटने हात चालवून घेतला तरी हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांहून जास्त फरक पडला नाही. चालण्याचंही तसंच. २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात पट्ट्यांनी उचलून ट्रेडमिलवर चालवणं आणि थेरपिस्टने घरी येऊन ताकदीचे, तोलाचे व्यायाम घेणं यांची तुलना होती. वर्षाअखेर दोन्हीकडे सारखंच, साधारण निम्मे लोक चालण्यात वरच्या पायरीवर गेले. तुमची घरची भेट त्या यंत्राच्या तोडीची ठरली, मॅडम. पुरावा श्रीमंत देशांत तयार होतो खरा, पण त्याने कित्येकदा स्वस्त उपचाराचीच बाजू घेतली आहे. हे आपण लोकांना सांगत नाही.

साशंक : आता माझं पूर्ण होऊ दे. रोबोटच्या प्रयोगात तिसराही गट होता. तितकाच जादा वेळ, पण थेरपिस्टच्या देखरेखीखाली, रोजच्या कामांचाच सराव. म्हणजे तुझी भाकरी. हाताच्या मुख्य मोजणीत तो गटही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. रोबोट हरला की तू 'पुरावा' म्हणतोस. तुझी पद्धत हरली की काय म्हणशील?

आग्रही : मात्रा कमी पडली असं म्हणेन. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये तीन आठवड्यांत नव्वद तास हातावर काम करतात. २२४ रुग्णांचा अहवाल २०१९ मध्ये आला. कित्येकांच्या झटक्याला वर्षं उलटलेली होती, तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनीही ते टिकून होतं.

साशंक : त्यात तुलनेचा गट होता?

आग्रही : नव्हता.

साशंक : मग बघ. ७७० रुग्णांचा, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग तुला आवडला नाही, तर तू मात्रेचं कारण काढलंस. २२४ रुग्णांचा, तुलनाच नसलेला अहवाल आवडला, तर मान डोलावलीस. माझी खरी तक्रार ही आहे. पुराव्याने मन बदलतं म्हणतात, पण मला बहुतेक वेळा दिसतं ते उलटं. मन आधी ठरलेलं असतं आणि पुरावा त्याच्या बाजूने साक्षीला उभा केला जातो. आणि याची सगळ्यात अवघड जागा परदेशात नाही, इथे आहे. आपल्या देशातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, निकाल २०१७ मध्ये. थेरपिस्ट पुरेसे नाहीत, तर घरच्या माणसाला शिकवा, तो घरी व्यायाम घेईल, ही कल्पना तपासली. माझं अर्धं काम हेच तर आहे. सहा महिन्यांनी मेलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्यांना शिकवलं त्या गटातही ४७, नाही शिकवलं त्या गटातही ४७. आता मी सुनेला काय सांगू?

आग्रही : दोन्ही गटांना रुग्णालयातले आणि नंतरचे नेहमीचे उपचार मिळत होते. प्रयोगाने सांगितलं ते एवढंच की या उपचारांवर घरच्यांचं शिक्षण चढवलं तर फरक दिसला नाही. जिथे थेरपिस्ट पोहोचतच नाही तिथे घरच्यांना काहीच न शिकवणं आणि थोडं शिकवणं यांत फरक आहे की नाही, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. आणि मोजलं ते मृत्यू आणि परावलंबित्व. खांदा दुखला का, पाठीला जखमा झाल्या का, पलंग भिंतीकडून फिरवला का, हे त्या आकड्यात दिसत नाही.

साशंक : खरं आहे. पण हेही कारण तू निकाल आल्यावर काढतो आहेस. आणि सुनेच्या बाजूने बघ. ती पहाटे उठून पाणी भरते, डबे करते, शेतावर किंवा नोकरीला जाते. मी तिला म्हणते, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास सासऱ्यांचा व्यायाम घे. ती घेते. नाही घेतला तर सासरा म्हणतो, तुझ्यामुळे माझा हात गेला, आणि हे आयुष्यभर तिच्या माथी राहतं. त्या तासाचा सरासरी फायदा शून्य असेल, तर तो तास मी तिच्याकडून कुठल्या अधिकाराने मागते? प्रयोगांत औषधाचे दुष्परिणाम मोजतात, पण सुनेचा तास कुणी दुष्परिणाम म्हणून धरत नाही.

आग्रही : धरायला हवा. हे तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. मला वाटतं घरच्यांना शिकवायचं ते सरसकट 'व्यायाम घ्या' असं नसावं. पलंग कुठे ठेवायचा, लुळा हात उशीवर कसा ठेवायचा, उठवताना काखेत धरून का ओढायचं नाही, गिळताना ठसका लागतो का ते कसं बघायचं, हे तिला शिकवावं. त्याला वेगळा तास लागत नाही, जे ती करतेच आहे तेच बरोबर होतं. सराव मात्र रुग्णाने स्वतः करायचा, तुकड्यातुकड्यांनी, कागदावर खुणा करत. कॅनडात तशी पद्धत आहे. वह्या दिल्या, रुग्णांनी स्वतःचा सराव स्वतः केला आणि १०३ रुग्णांच्या प्रयोगात हात जास्त सुधारला. आणि सोयीचा पुरावा निवडण्याचा तुमचा आरोप मी टाळत नाही. त्यावर मला एकच उपाय दिसतो. कारण निकालाच्या आधी सांगून ठेवायचं. सरासरीच्या प्रयोगाला हे करावंच लागतं. तेच आपण एका रुग्णापुरतं का करू नये? पहिल्या दिवशी लिहायचं : एका मिनिटात किती थापा, मूठ उघडून किती ठोकळे उचलले, मनगट किती अंश वर आलं. तीन आठवड्यांनी किती वाढलं नाही तर मी पद्धत बदलेन, तो आकडा त्याच दिवशी, रुग्णासमोर लिहायचा. मग तुम्ही मला धरू शकता आणि मीही मला धरू शकतो.

साशंक : हे मला पटतं. सरासरीतून माझी रुग्ण सापडत नाही, तर तिलाच मोजायचं. पण मग तुझा पुढचा आग्रह माझ्या उरावर बसतो. तू म्हणतोस, झटक्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटं आणि खांदा तपासा आणि हाताचं भवितव्य सांगा.

आग्रही : नेदरलँड्समधला अभ्यास आहे, २०१० चा, १८८ रुग्ण. तीन दिवसांच्या आत बोटं थोडी तरी सरळ करता आली आणि खांदा थोडा तरी बाजूला उचलता आला, तर सहा महिन्यांनी हाताने काही काम करता येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमलं नाही तर २५ टक्के. ऑकलंडमध्ये असा अंदाज थेरपिस्टच्या हाती दिला तेव्हा रुग्णालयातला मुक्काम सुमारे आठवड्याने कमी झाला आणि हाताचा निकाल बिघडला नाही. सगळ्यांवर सारखा वेळ घालण्यापेक्षा कुणाच्या हातावर जोर द्यायचा आणि कुणाला एका हाताने जगायला लवकर शिकवायचं, हे ठरवता येतं. तुमच्या पाऊण तासाला तर याचीच सगळ्यात जास्त गरज आहे.

साशंक : पंचवीस टक्के म्हणजे चौघांतला एक. मी चौथ्या दिवशी त्या घरच्यांसमोर बसले आहे, बोटं हलत नाहीत. मी म्हणाले, या हातावर वेळ घालवू नका, डावा हात तयार करा. त्या घडीपासून तो हात झोळीत जाईल. कुणी त्याला शिवणार नाही, मग तो येणारा असेल तरी येणार नाही, आणि सहा महिन्यांनी माझं भाकीत खरं ठरलेलं असेल. ऑकलंडमध्ये अंदाज चुकला तर कुणीतरी पुन्हा तपासायला येतं. इथे दुसऱ्यांदा तपासणारी मीच, आणि मी आधीच सांगून बसलेली.

आग्रही : आणि न सांगता वर्षभर आशेवर पैसे घेत राहिलात तर? चौघांतल्या तिघांनी प्रत्येक भेटीचे पैसे दिले, म्हैस विकली, आणि हात आलाच नाही. त्या तिघांना तुम्ही काय देणं लागता? डावा हात सुरुवातीला शिकवला असता तर ते तिसऱ्या महिन्यात स्वतः जेवले असते.

साशंक : म्हणून तर मला रात्री झोप लागत नाही. मी दोन्ही करते, थोडं उजवं, थोडं डावं, आणि तुझ्या हिशेबाने दोन्ही बत्तीसच्या खाली राहतात.

आग्रही : मग आकडा सांगा, पण निकाल म्हणून नका सांगू. म्हणा, चौघांत एकाचा येतो. तीन आठवडे हातावर जोर देऊ, अमुक दिसलं नाही तर डाव्या हाताकडे वळू, आणि उजवा झोळीत न टाकता रोज हलता ठेवू. ठरवायचं काम त्यांचंही आहे.

साशंक : आणि एकविसाव्या दिवशी काही दिसलं नाही, तू लिहिलेला कागद मी त्याच्यासमोर ठेवला, आणि तो म्हणाला, मॅडम, अजून तीन आठवडे, पैसे मी देतो, तर? सॅकेटच्या तिसऱ्या भागात त्याची पसंती आहे, तूच सांगितलंस. दुसऱ्या भागात माझं कौशल्य आहे आणि ते थांब म्हणतंय.

आग्रही : मी थांबेन. निदान हाताचे पैसे घेणं थांबवेन. पण मी शहरात आहे, मी सोडलेला रुग्ण दुसऱ्या कुणाकडे तरी जातो.

साशंक : माझ्या तालुक्यात तो शेजारच्या गावातल्या मालिशवाल्याकडे जाईल, आणि तो पहिल्याच दिवशी छताला पुली टांगेल. मी चालू ठेवलं तर पुराव्याविरुद्ध वागले, आणि थांबले तर त्याचा खांदा गेला. कागदावर हाही रकाना काढ, मग आपण पुढचा रुग्ण घेऊ.